साधी श्रद्धा की शास्त्रशुद्ध श्रद्धा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय निवडण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्यावरच सोपविले आणि वर एवढेच बजावले की, "बाई, लोणच्यापापडावर बोलू नका, त्यावर बोलणाऱ्या आमच्यात पुष्कळ आहेत. तुमच्या धर्मातले आम्हांला जे कळत नाही, त्यावर बोला." मला हसू आले. कारण तुम्हांला जे कळत नाही, त्यातले बरेचसे मलाही कळलेले नाही. पण त्याच न कळण्याविषयी बोलावे, असे मी ठरविले.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले. यजमान वनखात्यात होते. त्यांच्या बदलीबरोबर मी चिचगडला आले आणि इथलीच झाले. शाळेत शिकविण्यात माझा जन्म गेला. आपल्या या मंडळात हिंदू आहेत, बौद्ध आहेत, गोंड भगिनी आहेत, आणि ख्रिस्ती अशी मी एकटी. तरी इतक्या वर्षांत मला कुणी परकी म्हटले नाही. म्हणूनच आज घरातल्यासारखे मोकळेपणाने बोलणार आहे.

एका नाताळात मी फराळ केला होता. एक मैत्रीण आली आणि करंजी हातात घेऊन तिने विचारले, "तुमचा देव एक की तीन?" मी म्हटले, "एक." "मग बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे तिघे कोण?" मी सांगू लागले. लहानपणी पाठ केलेली प्रश्नोत्तरावली आठवून आठवून सांगत राहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. शेवटी ती बिचारी म्हणाली, "राहू द्या बाई. करंजी मात्र फार छान झाली आहे."

त्या रात्री मी विचार करीत पडले. ज्या श्रद्धेवर मी जन्म काढला, ती एका शहाण्या बाईला दहा मिनिटांत सांगता येऊ नये? मग ती श्रद्धा इतकी अवघड कशाला हवी? की अवघड आहे ती श्रद्धा नव्हेच, ती फक्त पंडितांची भाषा आहे? हाच माझा आजचा विषय. यात दोन गोष्टी माझ्या घरच्या आणि जवळच्या आहेत, बाकीच्या आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातल्या आहेत.

पहिली गोष्ट माझ्या सासूबाईंची.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. येशूने शिकविलेली एक प्रार्थना आणि दोन-चार भजने, एवढीच त्यांची विद्या. पण गल्लीत कुणी आजारी पडले की पेजेचे भांडे घेऊन पहिल्यांदा जाणार त्याच. बाळंतिणीजवळ रात्र रात्र बसणार, आणि चूल पेटविताना ओठातल्या ओठात देवाचे नाव घेणार. आम्ही एका गावी राहत होतो, त्या गावाचे नाव सांगत नाही. तेथील मंडळीत सभासद म्हणून नाव घालायचे तर पंचांपुढे प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. सासूबाई तेव्हा साठीच्या घरात होत्या. त्यांना विचारले, "पवित्र त्रैक्य म्हणजे काय?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. ते तिघंही मला ओळखतात. मला एवढं पुरतं."

पंचांना पुरले नाही. "तयारी करून पुढच्या वर्षी या," असे सांगण्यात आले. त्या रविवारी प्रभुभोजन होते. म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीसाठी आम्ही भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सर्वांनी मिळून घेतो, तो विधी. मला सगळी उत्तरे पाठ होती, म्हणून मी पुढच्या बाकावर. सासूबाई मागे, भिंतीला टेकून. ताट माझ्यापर्यंत आले. मी तुकडा घेतला. मान वळवून मागे पाहण्याचा धीर मला झाला नाही, आणि उठून "या माझ्या आधी ख्रिस्ती आहेत" असे म्हणण्याचा तर त्याहून झाला नाही.

घरी येताना त्या एवढेच बोलल्या, "तू पुढं बसलीस ते बरं केलंस हो. तुला पाठ होतं."

पुढचे वर्ष त्यांना लाभले नाही. भगिनींनो, आजवर पुष्कळ प्रवचने मी विसरले, पण ते एक वाक्य विसरले नाही. त्या दिवसापासून बराच काळ माझे ठाम मत असे होते की, धर्मातले सारे सिद्धांत आणि प्रश्नोत्तरे गुंडाळून ठेवावीत. देवावर प्रेम करा, शेजाऱ्यावर प्रेम करा, संपले. येशूनेच सर्व आज्ञांचे सार या दोन आज्ञांत सांगितले आहे. मग वर आणखी पुस्तके कशाला?

आता दुसरी गोष्ट ऐका. ती अलीकडची आहे.

माझ्या ओळखीच्या एका बाईच्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे, हे मी सांगायला नको. आईबाप दोघांकडूनही दोष आला की मुलाच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात आणि अंगात असह्य कळा येतात. १ जुलै २०२३ पासून याच्या निर्मूलनासाठी देशभर मोहीम सुरू झाली आहे, तपासणी होते, गोळ्या मिळतात. त्या मुलाचेही बरे चालले होते. एकदा एक फिरता प्रचारक आला. तो म्हणाला, "धर्म अगदी साधा आहे. फक्त विश्वास ठेव. गोळ्या म्हणजे अविश्वास. गोळ्या टाकून दे, मूल बरे होईल." आईच ती, तिने टाकून दिल्या. पंधरा-वीस दिवसांनी मुलाला असा झटका आला की रात्री गाडी करून गोंदियाला न्यावे लागले. मूल वाचले. पण ती बाई माझ्याकडे आली, दारातच बसली आणि म्हणाली, "बाई, माझाच विश्वास कमी पडला का?"

त्या क्षणी मला कळले की, साधेपणाचीही सुरी होऊ शकते. "फक्त विश्वास ठेव" हे तीन शब्द ऐकायला किती गोड! पण त्या तीन शब्दांनी एका आईच्या डोक्यावर मुलाच्या दुखण्याचे पाप ठेवले होते. तिला मी काय सांगावे? "देवावर प्रेम कर" हे उत्तर तिच्या प्रश्नाला पुरे नव्हते. मला शास्त्राकडेच जावे लागले. बायबल काढून बसले. पौलासारखा प्रेषित, त्याच्या देहात एक काटा होता. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली आणि काटा गेला नाही. मग पौलाचा विश्वास कमी होता काय? लूक तर वैद्यच होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, याने पाप केले की याच्या आईबापांनी? येशू सांगतो, यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. हे मी तिला वाचून दाखविले. दुःखाचा आणि पापाचा संबंध इतका सरळ नाही, देव म्हणजे विश्वासाच्या मापाने औषध मोजून देणारा दुकानदार नाही, हे समजावून सांगायला मला दोन तास लागले. करंजीवाल्या मैत्रिणीपुढे मला जे जमले नाही, ते त्या दिवशी थोडेसे जमले. ती बाई रडली, मग उठली आणि मुलाच्या गोळ्या आणायला गेली.

आता सांगा, श्रद्धा साधी असावी की शास्त्रशुद्ध? सासूबाईंकडे पाहिले तर एक उत्तर येते, या मुलाच्या आईकडे पाहिले तर दुसरे. म्हणून मी आपल्या महाराष्ट्रातल्या थोरांकडे वळले. या माणसांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता.

प्रथम चारशे वर्षांमागे जाऊ. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. आपली भाषा तो इतकी शिकला की त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे सुटली होती. आम्हांला ऐकायला काही द्या, अशी त्यांची मागणी होती. त्याने त्यांना कथा दिली, आणि तीही ओवीत, म्हणजे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या कानांना ओळखीच्या चालीत. हा झाला साधेपणा. पण याच माणसाने गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांचे ख्रिस्ती सिद्धांताचे पुस्तकही कोकणीत लिहून ठेवले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापून निघाले. एकाच माणसाने दोन्ही लिहिले. कथेने मन ओलावते, पण ऐकणारा उद्या प्रश्न विचारील, त्याला उत्तर हवे, हे त्याने ओळखले असले पाहिजे.

आता पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकविले. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. अशी ही बाई, जिला शास्त्र म्हणजे हातचा मळ, १८८३ साली विलायतेस गेली. तिथे लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती जोगिणींनी चालविलेले घर त्यांनी पाहिले. ज्या बायकांना समाज उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्यांना या बाया जवळ घेत होत्या. रमाबाईंनी विचारले, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, लोकांनी नावे ठेवलेली बाई, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा, तिच्याशी देवाविषयी बोलणारा येशू. ही साधी गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडली.

पण पंडितेची बुद्धी एवढ्याने स्वस्थ बसेना. तिचे समाधान केले ते नीळकंठशास्त्री गोरे यांनी. ते ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले होते. षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिणारा हा गाढा पंडित. त्यांनी लांबलचक पत्र लिहून रमाबाईंच्या शंकांना उत्तरे दिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे पाहा, गोष्ट हृदयात शिरली आणि युक्तिवाद डोक्यात शिरला. एक नसते तर दुसरे पुरे पडले असते काय, मला शंका वाटते.

यापुढचा भाग तर फारच विचार करण्यासारखा आहे. ज्या जोगिणींनी त्यांना जवळ केले, त्यांच्याशीच रमाबाईंचा वाद झाला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचे म्हणणे असे की, चर्च शिकविते ते सर्व मान केले पाहिजे. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी ख्रिस्ताची आहे, पण चर्चचा प्रत्येक सिद्धांत, तो ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी जुळतो अशी माझी खात्री पटल्याशिवाय, मी मान्य करणार नाही. त्रैक्याविषयीही त्यांना तेव्हा शंका होत्या. आपल्या देशातल्या पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, आता तसलेच दुसरे जोखड चढवून घेणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले. त्या मांसाहार करीत नसत, तर तो जातीचा अभिमान समजला गेला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृत का नसावीत, असाही त्यांचा सवाल होता. पुढे 'साक्ष' म्हणून त्यांनी आपली हकीकत लिहिली, तीत विलायतेत भेटलेल्या नाना पंथांनी आपला किती गोंधळ उडविला, हे त्यांनी सांगितले आहे. प्रत्येक पंथ आपलेच खरे म्हणे.

मग रमाबाई सिद्धांताच्या वैरी होत्या काय? तसे म्हणता येत नाही. पुढे त्यांचे पुष्कळ संशय मावळले. त्यांचा विरोध विचाराला नव्हता. विचार न करता मान डोलाविण्याला होता.

आणि आयुष्याच्या शेवटी त्यांनी काय केले? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या, दुष्काळातल्या मुलीबाळींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा देणाऱ्या रमाबाईंना दिसले की, छापलेल्या मराठी बायबलची भाषा या साध्या बायकांना जड जाते. तेव्हा ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. मुळावरून, शब्द शब्द तोलून, तिने सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले. खिळे जुळविण्याचे आणि छापण्याचे काम मुक्तीतल्या मुलींनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर आले.

भगिनींनो, माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे मिळाले. खेड्यातल्या बाईला सोपे वाचता यावे म्हणून एका विदुषीला दोन अवघड भाषा शिकाव्या लागल्या. सोपे हे फुकट मिळत नाही. कुणीतरी आधी अवघड वाट चालावी लागते, तेव्हा मागून येणाऱ्यांना पायवाट मिळते. पण जो चालतो त्याने परत येऊन वाट दाखविली पाहिजे. वरती जाऊन बसला आणि खालच्यांना परीक्षा घालू लागला, तर त्याचे चालणे व्यर्थ.

आपल्या विदर्भातच याचा फार जुना दाखला आहे. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांना त्यांच्या विद्वान शिष्याने संस्कृतात ग्रंथ करू का, असे विचारले. आचार्यांनी नको म्हटले. कारण काय, तर त्यामुळे आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील! सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याला म्हाताऱ्या बायांची काळजी वाटली. त्या पंचांना माझ्या सासूबाईंची वाटली नाही.

आता आपल्या अगदी वाटेवरची गोष्ट सांगते. नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी आपल्या गोंदिया, आमगाव, सालेकसा या स्टेशनांवरूनच जाते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नावाचे कवी या गाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि सांगितले की, तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटले, पण वाचण्याचे वचन दिले होते म्हणून ते वाचू लागले. वाचता वाचता मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाशी, आले आणि तिथेच खिळले. तत्त्वज्ञानातल्या ज्या गहन कोड्यांनी त्यांना छळले होते, त्यांची उकल या तीन साध्या अध्यायांत सापडली, असे त्यांनी सांगितले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकींनी वाचली असतील. नसतील तर आपल्या वाचनालयात आणावीत, अशी माझी मंडळाला विनंती आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई काही वर्षे दूर राहिली, सोवळे सांभाळीत राहिली. मग एकदा तिच्या मनात प्रश्न उभा राहिला, जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या घडणीत फरक दिसला असता. तो तर कुठेच दिसत नाही. एवढा विचार पक्का झाला आणि शिवाशिव गळून पडली. नवऱ्याला तीन अध्यायांनी जिंकले, बायकोला एका प्रश्नाने. पण तो प्रश्न तिचा स्वतःचा होता, कुणी पाठ करून घेतलेला नव्हता.

टिळकांचे शेवटचे पाऊलही लक्षात घेण्यासारखे आहे. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. अट एकच, ख्रिस्तावर भक्ती. किती सुंदर कल्पना! सासूबाईंना तिथे कुणी मागे बसविले नसते. पण १९१९ साली टिळक वारले आणि त्यांच्या पश्चात दरबार फारसा टिकला नाही. टिळकांची गीते मात्र आमच्या देवळांतून आजही गायिली जातात, कारण ती गीते सांभाळणारी मंडळी, तिचे नियम आणि तिची पुस्तके टिकून राहिली.

इथे मला आपल्या धानाच्या बांध्या आठवतात. तुम्हांला शेतीचे मी काय शिकवणार? पण बांधीला धुरा नसेल तर पावसाचे पाणी ठरेल काय? पाणी ठरले नाही तर रोवणी कशात करणार? धुरा हवाच. मात्र धुरा म्हणजे शेत नव्हे. धुऱ्यावर फार तर तुरीच्या चार ओळी निघतात, घराला लागणारे तांदूळ बांधीतल्या चिखलातच पिकतात. एखादा शेतकरी वर्षभर धुरेच उंच करीत बसला आणि रोवणी विसरला, तर त्याला आपण काय म्हणू? आणि दुसरा धुरे फोडून "पाणी सगळीकडे मोकळे जाऊ द्या" म्हणाला, तर त्याला काय म्हणू?

आमच्या धर्मातले सिद्धांत असेच धुऱ्यासारखे बांधले गेले. ३२५ साली निकीया नगरात बिशपांची मोठी परिषद भरली. २०२५ साली तिला १७०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा जगभर तिची आठवण काढण्यात आली. आलेक्सांद्रियाचा एरियस नावाचा एक धर्मोपदेशक शिकवीत होता की, पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, तो नव्हता अशीही एक वेळ होती. ऐकायला हे सोपे वाटते. वर एक देव, खाली त्याने घडविलेला एक थोर पुत्र. पण मग वधस्तंभावर आपल्यासाठी दुःख सोसले ते देवाने नव्हे, देव दूरच राहिला आणि त्याने दुसऱ्या कुणाला तरी पाठविले, असा त्याचा अर्थ होतो. परिषदेने म्हटले, नाही, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. शब्द अवघड आहे खरा. पण त्या अवघड शब्दाच्या आत राखलेली गोष्ट अगदी साधी आहे. देव स्वतः आपल्याजवळ आला. सासूबाई म्हणत होत्या, "ते तिघंही मला ओळखतात," ते याहून निराळे काय होते? निकीयाचे बिशप जे राखायला बसले होते, तेच त्या म्हातारीच्या पदरात होते. पंचांनी धुरा पाहिला, बांधीतले उभे पीक त्यांना दिसले नाही.

म्हणून माझे आजचे मत असे आहे. श्रद्धेचे दार सोपे असावे. इतके सोपे की निरक्षर म्हातारीलाही वाकावे न लागता आत येता यावे. पण आत आल्यावर घर मोठे असावे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हिंडायला त्यात खोल्या असाव्यात, पुस्तके असावीत, वाद घालायला ओटी असावी. दारातच परीक्षा घेतली तर सासूबाई बाहेर राहतात. आणि घरात दाराशिवाय काहीच नसेल, तर त्या सिकलसेलच्या मुलाची आई संकटाच्या रात्री उघड्यावर पडते.

आपल्यापैकी ज्या ख्रिस्ती नाहीत, म्हणजे माझ्याखेरीज सगळ्याच, त्यांनाही हे लागू पडते असे मला नम्रपणे वाटते. कुणी तुमच्या देवाविषयी, तथागतांविषयी, पेनाविषयी इतके अवघड बोलू लागला की तुम्ही गप्पच बसावे, तर ओळखा की तो धुराच उंच करतो आहे. आणि कुणी इतके सोपे बोलू लागला की औषध टाका, विचारू नका, फक्त मान डोलवा, तर ओळखा की तो धुरा फोडतो आहे. दोघांनाही विचारा, "यात आमचे पीक कुठे आहे?" हा प्रश्न विचारता यावा म्हणून तर आपण हे मंडळ चालवितो आणि मुलींना शिकवितो.

त्या करंजीवाल्या मैत्रिणीचे उत्तर अजून माझ्याकडे राहिले आहे. ती समोरच बसली आहे आणि हसते आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी आता असे देते. देव एकच आहे. तो वरून पाहतो, तो शेजारी येऊन बसतो आणि तो आत राहून धीर देतो. याहून अधिक हवे असेल तर एखाद्या दुपारी घरी या. माझ्याजवळ पुस्तके आहेत, वेळही आहे. करंज्या मात्र नाताळातच मिळतील.

शेवटी एकच सांगते. मी अजूनही दर महिन्याला प्रभुभोजनाला बसते. पण आता पुढच्या बाकावर बसत नाही. मागे, भिंतीला टेकून बसते. तिथे बहुधा कुणीतरी म्हातारी असते, प्रार्थनेचे शब्द चुकणारी. तिच्या शेजारी बसून मी माझा तुकडा घेते. सासूबाईंसाठी मला आता एवढेच करता येण्यासारखे आहे.